परजीवींची वजाबाकी

सीबीडी बेलापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाबरोबर बायोइन्फर्मॅटिक्सही शिकवले जाते. देशभरातल्या अशा विभागांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची वेळ आली की एक विषय हमखास पुढे येतो: अमुक परजीवीमधली औषधांची टार्गेट्स संगणकाने शोधणे. रीत ठरलेली असते. परजीवीचा जीनोम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, त्यातल्या सगळ्या प्रथिनांची यादी करायची आणि ती माणसाच्या प्रथिनांशी ताडून बघायची. जे जुळेल ते काढून टाकायचे, कारण त्यावर मारा केला तर रुग्णालाच अपाय होईल. उरलेल्यांपैकी परजीवीला ज्यांच्यावाचून जगता येणार नाही अशी वाटतात ती ठेवायची. त्यांची त्रिमिती रचना संगणकावर बांधायची, हजारो रसायने एकेक करून तिच्यात बसवून बघायची, म्हणजे डॉकिंग करायचे. एका सत्रात पंधरा-वीस नावे हाती येतात आणि शोधनिबंध तयार होतो.

या पद्धतीला सबट्रॅक्टिव्ह जीनोमिक्स म्हणतात, म्हणजे जीनोमची वजाबाकी. तिचे आकर्षण उघड आहे. परजीवी वाढवायला इन्क्युबेटर लागत नाही, मानवी रक्त लागत नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी लागत नाही. लॅपटॉप आणि नेट पुरते. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत मलेरिया, काळा आजार, आमांश, हत्तीरोग या सगळ्यांच्या परजीवींवर असे ढीगभर निबंध निघाले, त्यात भारतीयांचा वाटा मोठा. आणि विषय काही परका नाही. बांधकामाच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या टाक्यांत साचलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफेलिस स्टेफेन्सी हा डास मुंबई-नवी मुंबईचा जुना रहिवासी आहे. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर सरकारला अहवाल दिला, त्यात विहिरी आणि टाक्याच आरोपीच्या पिंजऱ्यात होत्या. शंभर वर्षांनंतर, २०१० च्या पावसाळ्यात, मुंबईत पुन्हा मलेरियाने थैमान घातले.

इतक्या याद्या निघाल्या, मग त्यातून औषधे किती निघाली, हा प्रश्न विचारायला हवा. उत्तर फारसे सुखाचे नाही. पण त्यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती केवळ 'पैसा नाही, प्रयोगशाळा नाही' या नेहमीच्या तक्रारीत संपत नाहीत. माझ्या मते चूक वजाबाकीच्या पहिल्याच पायरीत आहे.

ही पायरी आली कुठून? जिवाणूंकडून. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला भित्तीच नाही, म्हणून औषध आपल्याला सोसते. शत्रूकडे आहे आणि आपल्याकडे नाही अशा गोष्टीवर नेम धरायचा, हे तत्त्व जिवाणूंच्या बाबतीत छान चालले. पण मलेरियाचा प्लाझमोडियम, काळ्या आजाराचा लिश्मानिया, हत्तीरोगाचा कृमी हे जिवाणू नव्हेत. त्यांच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक आहे, आपल्यासारखीच मायटोकाँड्रिया आहे, पेशीविभाजनाची यंत्रणाही बरीचशी आपलीच. हत्तीरोगाचा कृमी तर चक्क प्राणी आहे. त्याला स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत. उत्क्रांतीच्या हिशेबाने ही मंडळी आपल्या भावकीतली. जिवाणूंसाठी विणलेली चाळणी त्यांना लावली की काय होते, ते बघू.

चाळणी नीट आहे की नाही हे तपासायची साधी रीत म्हणजे जे दाणे चांगले आहेत हे आधीच ठाऊक आहे, ते तिच्यात घालून बघायचे. परजीवींवर प्रत्यक्ष चालणारी औषधे घेऊ आणि त्यांची टार्गेट्स वजाबाकीत टिकतात का ते पाहू.

पायरीमेथामिन हे मलेरियाचे औषध डीएचएफआर या एन्झाइमवर काम करते. हेच एन्झाइम माणसात आहे. कर्करोगात आणि संधिवातात देतात ते मेथोट्रेक्सेट आपल्या डीएचएफआरवरच चालते. म्हणजे पहिल्याच पायरीला डीएचएफआर यादीतून बाद. प्रत्यक्षात परजीवीचे एन्झाइम पायरीमेथामिनला माणसाच्या एन्झाइमपेक्षा शेकडो पटींनी घट्ट धरते, हे बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकातच मोजले गेले होते. त्या प्रयोगशाळेच्या जॉर्ज हिचिंग्ज आणि गरट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले, ते अशाच कामांसाठी.

शाळेत जंतनाशक दिनी मुलांना चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी कृमींच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. ट्युब्युलिन माणसाच्या प्रत्येक पेशीत आहे. यादीतून बाद. मलेरियावरचेच ॲटोव्हाक्वोन मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर चालते. तेही आपल्यात आहे. निद्रारोगावरचे एफ्लोर्निथिन ज्या एन्झाइमला अडवते, ते ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज, माणसातही आहे आणि गंमत म्हणजे औषध दोन्हींना जवळपास सारखेच अडवते. फरक एवढाच की माणसाची पेशी हे एन्झाइम मिनिटांत मोडून नवे बनवत राहते, परजीवी मात्र जुन्यावरच भागवतो. त्याचे एकदा निकामी झाले की झाले. हा फरक कोणत्याही जीनोमच्या अक्षरांत लिहिलेला नाही. निद्रारोगासाठीच आलेले ॲकोझिबोरोल, एका मात्रेत काम भागवणारे, सीपीएसएफ-३ या प्रथिनावर चालते. त्याचाही मानवी भाऊ आहे. लिश्मानियावर आशादायक ठरलेली प्रोटिआसोम रोखणारी रसायने घ्या. प्रोटिआसोमही आपल्यात आहेच.

आणि क्लोरोक्विन? त्याचे टार्गेट प्रथिनच नाही. परजीवी लाल पेशीतले हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटणारे विषारी हीम स्फटिक करून बाजूला टाकतो. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही. जनुकांच्या यादीत हीम कुठे सापडणार? आर्टेमिसिनिनचेही असेच: हीममुळे ते भडकते आणि हाताला लागेल त्या कितीतरी प्रथिनांना जाळत सुटते.

न्यायाने बोलायचे तर चाळणीत टिकणारेही एक मोठे नाव आहे. आयव्हरमेक्टिन ज्या क्लोराइड वाहिन्यांवर चालते त्या कृमी-कीटकांत असतात, माणसात नसतात. पण ते औषध जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजंतूतून आले, आणि टार्गेट कळले ते औषध वापरात आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

ज्या टार्गेट्सना वजाबाकीने नाकारले त्यांतून औषधे निघाली. मग ज्यांना तिने पसंत केले त्यांचे काय झाले? इथे एक भारतीय कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९९० च्या दशकात लक्षात आले की मलेरियाच्या परजीवीत एक विचित्र कोशिकांग आहे, ॲपिकोप्लास्ट. ते कधीकाळी गिळलेल्या शैवालाचे अवशेष आहे. त्याला स्वतःचा ३५ हजार अक्षरांचा छोटा जीनोमही आहे. वनस्पतीकडून आलेली रसायनक्रिया परजीवीत आणि माणसात तिचा मागमूस नाही, याहून चांगले टार्गेट कोणते? त्यातलीच एक क्रिया म्हणजे मेदाम्ले बनवण्याची जिवाणूंसारखी पद्धत. २००१ मध्ये बेंगळुरूच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवले की साबण-टूथपेस्टमध्ये घालतात ते ट्रायक्लोसान मलेरियाच्या परजीवीला मारते, आणि या क्रियेतल्या एका एन्झाइमला, फॅबआयला, रोखते. उंदरांनाही त्याने वाचवले. जगभर खळबळ उडाली. फॅबआयच्या रचनेवर, त्यात बसणाऱ्या रसायनांवर कामाचा पूर आला. संगणकावर डॉकिंग शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या एका पिढीने फॅबआयवर हात बसवला असे म्हटले तरी चालेल.

मग २००८-०९ मध्ये दोन गटांनी सरळ ती जनुकेच कापून काढली. परजीवी रक्तात मजेत वाढत राहिला. मेदाम्ले बनवण्याची ती क्रिया त्याला लागते ती यकृतातून बाहेर पडतानाच्या टप्प्यात. ताप आणणाऱ्या रक्तातल्या टप्प्यात तो मेदाम्ले आयतीच मिळवतो. म्हणजे एन्झाइम खरे, वेगळेपण खरे, ट्रायक्लोसानने परजीवी मरतो हेही खरे. पण तो मरतो दुसऱ्याच कशाने तरी. कशाने? २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने 'ईव्ह' नावाच्या यंत्रमानवी प्रयोगशाळेच्या मदतीने एक उत्तर दिले: ट्रायक्लोसान डीएचएफआरलाही रोखते. तेच डीएचएफआर, जे वजाबाकीने पहिल्या पायरीला बाद केले होते.

सुरोलिया दांपत्याचे काम यामुळे हलके ठरत नाही. त्यांनी प्रयोग केले होते, परजीवी मारून दाखवला होता, आणि त्यांच्या कामातूनच पुढचे प्रश्न सुटले. धडा यादी करणाऱ्यांसाठी आहे: इतके भक्कम टार्गेट जनुक कापल्यावर निसटू शकते, तर नुसत्या ब्लास्टमधून, म्हणजे संगणकावर प्रथिनांची अक्षरे ताडून, आलेले किती निसटत असेल!

ॲपिकोप्लास्टमधून दुसरा उमेदवार आला फॉस्मिडोमायसिन. १९९९ मध्ये जर्मनीतल्या हसन जोमा यांच्या गटाने प्लाझमोडियमच्या अर्धवट वाचलेल्या जीनोममध्ये शोध घेऊन दोन जनुके पकडली आणि हे जुने प्रतिजैविक त्यांपैकी एकाच्या एन्झाइमवर चालवून दाखवले. जीनोमवरून भाकित करून औषधापर्यंत पोचलेले हे बहुधा सर्वांत देखणे उदाहरण. रुग्णांत ते ताप झपाट्याने उतरवते, पण शरीरातून लवकर निघून जाते आणि मलेरिया पुन्हा डोके वर काढतो. आजही ते नेहमीच्या वापरात आलेले नाही. लिश्मानियातले ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज याहून जुने. ॲलन फेअरलॅम्ब यांनी १९८५ मध्ये ट्रायपॅनोथायोन शोधले; माणसात नसलेले, परजीवीला अत्यावश्यक, रचना ठाऊक असलेले असे त्याचे एन्झाइम. पाठ्यपुस्तकात छापावे असे टार्गेट. चाळीस वर्षे झाली, मुद्दाम त्याच्यावर बेतलेले एकही औषध बाजारात नाही. एन्झाइमची खोबण इतकी ऐसपैस आहे की लहान रेणू तिच्यात टिकतच नाही. डॉकिंगचा प्रोग्राम मात्र दरवेळी चांगले गुण देतो.

आता चंद्रपूरकडे वळू, कारण माणूस आणि परजीवी यांच्यातला फरक किती गुंतागुंतीचा असतो हे महाराष्ट्रातच एका रुग्णाने जगाला दाखवले. ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी गुराढोरांना, घोड्यांना, उंटांना होतो. त्या रोगाला सर्रा म्हणतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तो पंजाब प्रांतात पाहिला. माणसाला तो होत नाही असेच सगळे मानत होते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. ताप येत-जात राहिला, परजीवी वाढत-घटत राहिले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर हा जगातला पहिला पक्का रुग्ण २००५ मध्ये नोंदवला. गावातल्या १,८०६ जणांची तपासणी झाली. दुसऱ्या कुणाच्याही रक्तात परजीवी आढळला नाही. मग हा एकच का?

२००६ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने उत्तर दिले. माणसाच्या रक्तात ॲपोएल-१ नावाचे प्रथिन असते, ते परजीवीच्या आतल्या पडद्याला भोके पाडून त्याला मारते. या शेतकऱ्यात त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. आपण सगळे जन्मापासून अंगात बाळगतो ते हे एक औषध, आणि त्याचे टार्गेट आहे साधा पडदा, कुठल्याही प्रथिनांच्या यादीत न बसणारा. रुग्ण बरा झाला तो सुरामिनने. सुरामिन पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या बायर कंपनीने बनवले. ते परजीवीच्या आत कसे शिरते, कोणत्या प्रथिनाच्या आधाराने, हे २०१२ मध्ये कुठे कळले. तेही एकामागून एक जनुके दाबून पाहिल्यावर.

औषध आधी, टार्गेट नंतर, हा क्रम अपवाद नव्हे. परजीवींच्या बाबतीत तोच नियम राहिला आहे. मुंबईचा स्वतःचा अनुभवही तसाच. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी केले. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी सॅट्रानिडाझोल बनवले, आमांशाच्या अमीबावर चालणारे. अख्खा परजीवी समोर ठेवायचा, रसायन टाकायचे, मरतो का बघायचे, रीत एवढीच. हत्तीरोगाच्या मोहिमेत आपल्याकडे गावोगाव वाटले जाणारे डीईसी हे औषध अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली १९४० च्या दशकात आले. त्याचे तर आणखी विचित्र: काचेच्या बशीत सूक्ष्मकृमींवर डीईसी टाकले तर त्यांना फारसे काही होत नाही, शरीरात मात्र ते रक्तातून भराभर नाहीसे होतात, कारण औषधाला रुग्णाच्या प्रतिकारशक्तीची साथ लागते. २०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांची एकत्र मोहीम सुरू झाली. तिघांपैकी एकही जीनोम वाचून निघालेले नाही.

जुनी पद्धत नव्या ताकदीने परत आली ती २०१० च्या सुमारास. ग्लॅक्सोने स्पेनमधल्या आपल्या केंद्रात सुमारे वीस लाख रसायने मलेरियाच्या जिवंत फाल्सिपेरम परजीवीवर तपासली आणि परिणामकारक ठरलेल्या १३,५३३ रसायनांची माहिती सगळ्यांना खुली केली. नोव्हार्टिसनेही असेच केले. मग प्रयोग उलट्या दिशेने चालला: परजीवीला त्या रसायनाच्या थोड्या-थोड्या मात्रेत वाढवत न्यायचे, तो प्रतिकार करायला शिकला की त्याचा जीनोम वाचायचा आणि कुठे अक्षर बदलले ते बघायचे. जिथे बदल, तिथे बहुधा टार्गेट. मलेरियावरच्या सिपारगामिन या रेणूचे टार्गेट, पीएफएटीपी-४, असेच सापडले. जीनोममध्ये या प्रथिनावर 'कॅल्शियमचा पंप' अशी पाटी होती. रसायनांनी दाखवून दिले की तो सोडियमचा पंप आहे. पाटीच चुकीची असेल तर पाट्या वाचून केलेली निवड कुठे जाणार?

एवढे सगळे वाचून संगणकवाल्यांनी दुकान बंद करावे असे मला म्हणायचे नाही. चांगले भाकित कसे करावे याचेही नमुने आहेत, आणि त्यातला एक पुण्याशी जोडलेला आहे. २००८ मध्ये टीडीआर टार्गेट्स हा डेटाबेस जाहीर झाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या कार्यक्रमाच्या पाठबळाने. त्यात मलेरिया, लिश्मानिया, हत्तीरोग वगैरे रोगांचे जीनोम एकत्र केले, पण 'हो-नाही'च्या चाळणीऐवजी गुणांकन ठेवले. माणसात जुळे आहे का, जनुक कापल्यावर काय होते, रचना ठाऊक आहे का, त्या कुळातल्या प्रथिनावर आधी औषध झाले आहे का, अशा प्रत्येक बाबीला किती वजन द्यायचे ते वापरणाऱ्याने ठरवायचे. मानवी साम्य हा गुन्हा न राहता एक उणा गुण झाला. या कामातले एक महत्त्वाचे नाव धनशेखरन षण्मुगम. ते अमेरिकेहून परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, आले.

आणि त्यांच्याच एनसीएलमधल्या गटाने पुढे यादीच्या मर्यादा फार सुंदर दाखवल्या. एटीपी सिंथेज हे पेशीला ऊर्जा पुरवणारे भलेमोठे यंत्र, कितीतरी भागांचे. मलेरिया आणि टॉक्सोप्लाझ्मा या कुळाच्या जीनोममध्ये त्याचे काही अत्यावश्यक भाग कुठेच सापडत नव्हते. संगणकाने ताडून बघितले तर ते 'नाहीत'. तरीही यंत्र चालत होते. २०१८ मध्ये राहुल साळुंके, षण्मुगम आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस बायॉलॉजी'त लिहिले ते असे: त्यांनी टॉक्सोप्लाझ्मातून ते यंत्र अखंड बाहेर काढले आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्याचे भाग ओळखले. हरवलेले भाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, 'कार्य अज्ञात' अशा पाटीखाली. इतके बदललेले की अक्षरांवरून ओळखू येत नव्हते. मग इथे माणसाशी फरक सापडला तो खरा, औषधाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा. आणि तो वजाबाकीत दिसलाच नसता, कारण अज्ञात प्रथिने बहुतेक वेळा सुरुवातीलाच बाजूला काढली जातात. २००२ मध्ये फाल्सिपेरमचा जीनोम जाहीर झाला तेव्हा त्यातल्या सुमारे ५,३०० जनुकांपैकी साठ टक्क्यांच्या कार्याचा पत्ता नव्हता, हे इथे आठवावे.

'अत्यावश्यक' कोणते हा प्रश्नही आता अंदाजावर सोडायची गरज उरलेली नाही. पूर्वी जिवाणूंच्या अत्यावश्यक जनुकांचा डेटाबेस घेऊन त्याच्याशी परजीवीची जनुके ताडत. भाताच्या पिकाला कापसाचे खत घालावे तसला प्रकार. २०१७ मध्ये उंदरांच्या मलेरियातली २,५७८ जनुके एकेक करून बंद करून पाहिली गेली. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या गटाने फाल्सिपेरमच्या जवळपास प्रत्येक जनुकात अडथळा घालून पाहिला आणि २,६८० जनुके रक्तातल्या वाढीसाठी अत्यावश्यक ठरवली. ही माहिती फुकट उपलब्ध आहे. आज कुणी प्लाझमोडियमवर वजाबाकीचा निबंध लिहिताना ती उघडूनही बघत नसेल तर परीक्षकाने तो परत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात आकडा पुन्हा बघा: अर्धी जनुके अत्यावश्यक. म्हणजे अत्यावश्यक असणे ही काही दुर्मीळ पात्रता नाही. जे दुर्मीळ आहे ते म्हणजे रेणूला बसायला जागा, आणि ती जागा माणसाच्या जुळ्या प्रथिनापेक्षा वेगळी असणे.

तो वेगळेपणा समान प्रथिनातच शोधायचा, याची उदाहरणे बेलापूरपासून दूर नाहीत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गौतम जरोरी यांच्या गटाने मलेरियाच्या इनोलेज या एन्झाइमवर वर्षानुवर्षे काम केले. इनोलेज प्रत्येक जिवात आहे, वजाबाकीत पहिल्या फेरीला जाईल. पण प्लाझमोडियमच्या इनोलेजमध्ये वनस्पतींसारखा पाच अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा आहे, माणसात नसलेला. तो काढला तर एन्झाइमच्या कामावर काय होते, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे परजीवीला रोखतात का, हे त्यांनी तपासले. पवईच्या आयआयटीत स्वाती पाटणकर यांचा गट ॲपिकोप्लास्टमध्ये प्रथिने पोचतात कशी यावर काम करतो. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, मरियम देगाणी यांनी डीएचएफआरला रोखणारे रेणू बनवले आणि ते सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत, जिथे हत्तीरोगावर कित्येक दशके संशोधन चालू आहे, कृमींवर तपासले गेले. हत्तीरोगाच्या कृमीचे डीएचएफआर! मलेरियाच्या जुन्या टार्गेटचा धागा पकडून, एका रसायनशाळेने आणि एका ग्रामीण वैद्यकीय संस्थेने मिळून केलेले हे काम मला दहा डॉकिंग निबंधांपेक्षा मोलाचे वाटते.

गोव्यात आणखी एक धागा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रदीपसिंह राठोड यांनी २०१० पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर दक्षिण आशियातल्या मलेरियाच्या उत्क्रांतीचा प्रकल्प चालवला. राठोड हे डीएचओडीएच या एन्झाइमला रोखणाऱ्या डीएसएम-२६५ या रेणूच्या शोधकर्त्यांपैकी. तेही एन्झाइम माणसात आहेच; संधिवातावरचे लेफ्लुनोमाइड मानवी डीएचओडीएचवर चालते. दोन्हींच्या खोबणीचा आकार वेगळा, म्हणून परजीवीचे तेवढे अडवता आले. डीएसएम-२६५ पेरूमध्ये रुग्णांना दिले गेले तेव्हा काहींत परजीवीने लगेच अक्षर बदलून औषध चुकवले. म्हणजे भाकिताला आणखी एक प्रश्न हवा: या टार्गेटमधून परजीवी किती सहज निसटेल? गोव्यात रुग्णांकडून घेतलेले आजचे, ताजे परजीवी वाढवण्याचा उपयोग इथे होतो. प्रयोगशाळांमधले नेहमीचे वाण दशकांपूर्वीचे आहेत; रुग्णांत सध्या फिरतोय तो परजीवी त्यांच्याहून वेगळा असू शकतो.

प्रथिनांच्या रचनांचे भाकित करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रामविषयी थोडक्यात. २०२१ पासून फाल्सिपेरम आणि लिश्मानियाच्या जवळजवळ सगळ्या प्रथिनांच्या अंदाजित रचना फुकट मिळतात, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने त्या कामावर शिक्कामोर्तब झाले. सोय मोठी झाली. परंतु फाल्सिपेरमची प्रथिने एकाच अमिनो आम्लाच्या लांबच लांब माळांनी भरलेली असतात आणि नेमक्या तिथे अल्फाफोल्ड स्वतःच 'भरवसा कमी' असे सांगते. ते वाचले न वाचल्यासारखे करून डॉकिंग चालवण्याचा मोह वाढलाच आहे.

भाकिताची खरी गरज जिथे आहे तिथे मात्र ते तोकडे पडते आहे, आणि मुंबई-नवी मुंबई-गोव्याच्या पट्ट्यासाठी ही गोष्ट जवळची आहे. फाल्सिपेरम १९७६ पासून बाटलीत वाढवता येतो. व्हायव्हॅक्स मलेरिया, जो या पट्ट्यात भरपूर आढळतो, आजही प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही. त्याचे काही जंतू यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा ताप आणतात. त्यांना मारणारी प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींचे नेमके टार्गेट अजून निश्चित नाही, आणि जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या रुग्णाला दोन्ही धोक्याची. झोपलेल्या जंतूत कोणती जनुके जागी असतात याची माहिती गेल्या काही वर्षांत एकेका पेशीच्या आरएनए वाचनातून येऊ लागली आहे. रक्तातल्या टप्प्याची अत्यावश्यक यादी इथे कामाची नाही, कारण झोपलेला जंतू विभागतच नाही. इथे प्रयोग अवघड आहेत, म्हणून संगणकाने वाट दाखवावी अशी खरी निकड आहे. व्हायव्हॅक्सचा जीनोम २००८ पासून जाहीर आहे. बेलापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी विषय निवडताना तोच उघडावा. आणि माणसाशी जुळणारी प्रथिने खोडण्याआधी डीएचएफआर, ट्युब्युलिन आणि डीएचओडीएच आपल्या चाळणीत टिकतात का, हे तेवढे पहिल्या दिवशी तपासून घ्यावे.